चव पाहणारे नत्थूजी पांढुर्ण्यात

सौंसरच्या नत्थूजी खवसेंनी साठी ओलांडली तरी पांढुर्णा पाहिलेलं नव्हतं. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, पांढुर्णा कुठंतरी सात डोंगरांपलीकडं असेल. तसं काही नाही. सकाळची बस धरली तर माणूस दुपारच्या जेवणाच्या कितीतरी आधी तिथं पोचतो. पण सौंसरची रेल्वे एकीकडं नागपूरला जाते आणि दुसरीकडं छिंदवाड्याला. पांढुर्णा पडलं वेगळ्याच लाईनवर. कापडचोपड, दवाखाने आणि नातेवाईक नागपूरला, कोर्टकचेरी छिंदवाड्याला. नत्थूजींची मंडीतली बाबूगिरी सगळी सौंसरातच झाली. पांढुर्ण्यात कधी काम पडलं नाही, एवढंच खरं कारण.

पण काम पडलं नाही, असं सांगणं नत्थूजींच्या स्वभावात बसत नव्हतं. ते म्हणायचे, "आपण जात नाही तिकडं." जणू पांढुर्ण्याहून रोज बोलावणं येत होतं आणि हे रोज ते परत पाठवत होते. न पाहिलेल्या या गावाबद्दल त्यांची मतं मात्र पक्की होती. तिथलं पाणी जड. तिथली वांगी बियाळ. भाजीत तेल वर तरंगतं आणि चव तळाला बसते. आणि जे लोक वर्षातून एकदा नदीवर जमून एकमेकांना गोटे मारतात, त्यांच्या हातची कणीक मऊ कशी व्हायची?

सौंसरात त्यांचं हे बोलणं लोक ऐकून घेत, कारण खाण्याच्या बाबतीत नत्थूजी म्हणजे गावातला मोठा अधिकार. हा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. फार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लग्नात पंगतीत बसून ते मोठ्यांदा म्हणाले होते, भाजीत मीठ कमी आहे. नवरदेवाची आजी बहिरी होती. तिनं ऐकलं नाही, पण मान हलवली. झालं. दुसऱ्या लग्नाच्या यजमानानं विचार केला, हा माणूस पंगतीत बोलण्यापेक्षा आधीच बोललेला बरा. त्यानं नत्थूजींना सकाळीच मांडवामागं नेलं आणि पळसाच्या पानांच्या दोन्यात वांग्याची भाजी दिली. तेव्हापासून ती रीतच पडली. कुठं लग्न असो, तेरवी असो, नत्थूजी इस्त्रीचा सदरा घालून चुलवणापाशी जायचे. आचारी दोना पुढं करायचा. ते बोट बुडवायचे, डोळे मिटायचे, मग मांडवाच्या छताकडं पाहत म्हणायचे, "मीठ." किंवा, "तिखट, अजून जरासं." आणि निघून यायचे. आचाऱ्याच्या तोंडाकडं पाहायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

घरीही तोच कारभार. केसरबाईंनी लग्न होऊन आल्यापासून जितक्या भाज्या केल्या, त्या प्रत्येकीला नत्थूजींनी काही ना काही कमी सांगितलं. कधी मीठ, कधी फोडणी, कधी नुसतंच "हं". केसरबाई ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटवायच्या.

मग छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. सौंसर त्या जिल्ह्यात गेलं. नत्थूजींनी ही गोष्ट स्वतःच्या अंगावर घेतली. पानठेल्यावर उभं राहून ते विचारायचे, "कोणाले विचारलं यांनी?" पानठेलेवाला म्हणायचा, "बाबूजी, तुमालेच विचारायला पाहिजे होतं," आणि चुना लावायचा.

त्यातच त्यांची सून अमिता हिची बदली नव्या जिल्ह्याच्या कचेरीत झाली. मुलगा वैभव औषधं विकायचा, त्याची फिरतीच असायची. दोघांनी पांढुर्ण्यात खोल्या घेतल्या. नत्थूजी सामान पोचवायलाही गेले नाहीत. नंतर अमिता मोरीत घसरून पडली, मनगटाला प्लास्टर आलं, आणि केसरबाई मदतीला गेल्या. "प्लास्टर निघलं की येते," म्हणाल्या.

प्लास्टर निघालं. केसरबाई आल्या नाहीत.

आता एक गोष्ट उघडी पडली, जी इतकी वर्षं झाकलेली होती. दुसऱ्याच्या स्वयंपाकात काय कमी आहे ते सांगणाऱ्या या माणसाला चहासुद्धा करता येत नव्हता. शेजारच्या देवकाबाईंनी पहिले काही दिवस डबा पाठवला. नत्थूजींनी रिकामा डबा परत करताना प्रेमानं सांगितलं की वरणाला हिंग कमी पडला. त्यानंतर डबा आला नाही. मग बस स्टँडजवळच्या खानावळीत ते महिना लावून जेवू लागले. तिथल्या मालकाला त्यांनी पोळी कशी लाटावी ते समजावलं. मालकानं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "बाबूजी, तुमी घरीच का जेवत नाही?" तो अगदी साधेपणानं विचारत होता, पण नत्थूजी ताट सोडून उठले. त्यापुढं चिवडा, केळी आणि स्वतःच्या बगीच्यातली आंबट संत्री, यांवर दिवस निघू लागले. सदरा गळ्यापाशी ढिला झाला.

रोज संध्याकाळी फोन व्हायचा.

"कधी येऊन राहिली?"

"पाहू न."

"काय केलं आज जेवाले?"

केसरबाई सांगायच्या. आज भरीत केलं. आज पाटवड्या केल्या, शेजारच्या मनकर्णाबाई शिकायला बसल्या होत्या. "इथल्या गुजरीच्या बाजारात काय वांगे येऊन राहिले, तुमाले सांगते. हात लावला की देठ कडक." नत्थूजी फोन कानाशी धरून तोंडाला सुटलेलं पाणी गिळायचे. मग म्हणायचे, "बियाळ असतील."

शेवटी एका शनिवारी त्यांनी कुलूप लावलं. पानठेल्यावर सांगितलं, "जाऊन येतो जरा. कसा जिल्हा केला ते पाहून येतो." हातात पिशवी आणि पिशवीत दोन दिवसांचे कपडे होते, हे पानठेलेवाल्यानं पाहिलं, पण तो भला माणूस होता.

बस जामसांवलीच्या फाट्यावर अर्धी रिकामी झाली. शनिवारची माणसं मारुतीच्या दर्शनाला उतरली. पुढं दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे आणि कपाशी. नत्थूजी खिडकीतून दोष शोधत होते. पण संत्री सौंसरसारखीच होती, कपाशीही तशीच, आणि मध्ये कुठं सौंसर संपलं आणि पांढुर्णा सुरू झालं ते कळायला मार्ग नव्हता. याचा त्यांना थोडा राग आला.

पांढुर्ण्याला उतरल्यावर सरळ मुलाच्या घरी जायचं, तर मोठी अडचण होती. दुपारच्या जेवणाची वेळ जवळ आली होती. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा यायचं आणि तेही ताटं वाढताना, म्हणजे भुकेपोटी आला असंच दिसणार. ते भुकेपोटीच आले होते, म्हणून तर ते दिसायला नको होतं. त्यांनी ठरवलं, आधी गाव पाहू. जेवणं आटोपली की जाऊ, आणि अमितानं आग्रह केला तर थोडं घेऊ.

स्टेशनकडच्या रस्त्यावर एका बाईच्या ठेल्याभोवती गर्दी होती. ती आलूबोंडा कुस्करून त्यावर तर्री ओतून देत होती. नत्थूजींनी एक प्लेट घेतली, फक्त पाहण्यासाठी. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग प्लेट तिरपी करून तर्री प्यायले. बाईला म्हणाले, "चांगलं आहे, पण मसाला जास्त भाजला गेला. सौंसरात आमी..."

"काका, पुढं सरका," बाई म्हणाली. "मागं लोकं उभे आहेत."

ते पुढं सरकले. गर्दीला एक फेरा मारून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि दुसरी प्लेट घेतली. या वेळी काही बोलले नाहीत, कारण तोंड भरलेलं होतं.

पुढं कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला धरून ते जुन्या वस्तीत शिरले. घरांच्या ओट्यांवर बाया कुरड्या वाळवत बसल्या होत्या. सगळ्यांच्या बोलण्यात "करून राहिली", "जाऊन राहिला", अगदी घरच्यासारखं. नत्थूजींनी कल्पना केली होती की पांढुर्ण्याचे लोक काही वेगळंच बोलत असतील. एका मिठाईवाल्याकडं संत्र्याची बर्फी दिसली. तिथं त्यांनी विचारलं, "संत्री कुठचे?" तो म्हणाला, "काही इकडचे, काही सौंसरचे." नत्थूजींनी एक तुकडा तोंडात टाकला आणि मान हलवली. "यातले सौंसरचे कळतात." मिठाईवाल्यानं हात जोडले. तो नवा होता धंद्यात.

नंतर ते नदीवर गेले. पांढुर्ण्याची जाम नदी त्यांनी मनात फार भयंकर रंगवली होती: दोन्ही काठांवर गोट्यांचे ढीग, डोक्याला पट्ट्या बांधलेली माणसं. तिथं गुडघाभर पाणी होतं, एक म्हैस बसलेली होती आणि एक माणूस मोटारसायकल धूत होता. पलीकडं, जिथून गोटे येतात ते सावरगाव उन्हात निवांत पडलं होतं. नत्थूजींनी पुलावरून वाकून बराच वेळ पाहिलं.

"काही हरवलं का जी?" मोटारसायकलवाल्यानं खालून विचारलं.

"नाही," नत्थूजी म्हणाले. "गोटे कुठी राहतात?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या न. आता काऊन पाहून राहिले?"

एवढं सगळं होईपर्यंत उन्हानं डोकं तापलं होतं आणि मुलाचं घर कुठं आहे ते त्यांना माहीत नव्हतं. वैभवनं वॉर्डाचं नाव सांगितलं होतं. पण इथं प्रत्येक गल्लीच्या तोंडाला कुठल्या ना कुठल्या वॉर्डाची पाटी होती, आणि पांढुर्ण्याच्या माणसाला रस्ता विचारायचा नाही, असं त्यांचं ठरलं होतं. फोन करणं म्हणजे तर हरवलो असं कबूल करणं. एकाच हातपंपासमोरून पुन्हा पुन्हा गेल्यावर तिथली एक म्हातारी म्हणाली, "मारुतीच्या जेवणाले आले का? तिकडं आहे, डाव्या हाताले."

नत्थूजी जेवणाला आले नव्हते. पण डाव्या हाताकडून धूर येत होता, आणि त्या धुरात गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेचा वास होता. त्यांचे पाय त्यांना न विचारता वळले.

मारुतीच्या देवळासमोर पाल टाकून भंडारा चालला होता. रोडगे केले होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि वरून तूप. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. एका माणसानं नत्थूजींचा दंड धरून त्यांना पंगतीत बसवलं. पांढुर्ण्यात कोणी कोणाला ओळख विचारत नव्हतं, याची मनातल्या मनात त्यांनी दोष म्हणून नोंद घेतली. पण बसले.

भाजी वाढली गेली. नत्थूजींनी रोडग्याचा तुकडा भाजीत बुडवला आणि तोंडात घातला.

त्यांचे डोळे आपोआप मिटले. ही चव त्यांना माहीत होती. वांगं सबंध, पण जिभेवर विरघळणारं. खोबरं भाजलेलं. तिखट आधी गप्प बसून मागून येणारं. ही सौंसरच्या लग्नांची भाजी होती, त्यांची स्वतःची, त्यांनी बोट बुडवून मार्गी लावलेली. चिवड्यावर काढलेल्या त्या सगळ्या दिवसांनंतर त्यांच्या डोळ्यांत पाणी यायला आलं. ते लपवायला ते शेजारच्या माणसाला म्हणाले, "आचारी सौंसरचा आहे."

शेजारी धोतरातले एक गृहस्थ होते. "कशावरून?"

"जिभेवरून. ही भाजी पांढुर्ण्याच्या हातची नाही. होऊच शकत नाही." पंगतीतले चार जण वळून पाहू लागले, तेव्हा नत्थूजींचा आवाज नेहमीच्या पट्टीत आला. "सौंसरातलं लहान लेकरू पण सांगेल."

धोतरवाल्या गृहस्थांनी चुलवणाकडं हाक दिली. "हेमराज, ये बरं इकडं. हे पाहुणे तुले सौंसरचा म्हणून राहिले."

खांद्यावर ओला पंचा टाकलेला एक जाडजूड माणूस आला. नत्थूजींना पाहून त्यानं दोन्ही हात जोडले. "नमस्कार बाबूजी. आज इकडं कसे?"

"तू मले ओळखते?"

"म्हणजे काय. तुमीच तर चव पाहता न."

नत्थूजींनी पंगतीकडं विजयानं पाहिलं. "सांगतलं नव्हतं? सौंसरचाच आहे."

"नाही जी," हेमराज म्हणाला. "मी इथलाच. हे समोरचं घर माझं. सौंसरवाले लग्नाले आमालेच बोलावतात. तुमच्या वैभवच्या लग्नात पण मीच होतो."

पंगतीत कोणीतरी हसलं, आणि ते हसू पत्रावळींवरून पुढं सरकत गेलं. नत्थूजी हेमराजच्या तोंडाकडं पाहत राहिले. मिशा, कपाळावर जळाल्याचा जुना डाग. हा चेहरा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

"बरं," ते म्हणाले. "पण मी मीठ सांगायचो, तेव्हाच भाजी अशी व्हायची का नाही?"

हेमराजनं पंचा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "राहू द्या न बाबूजी. जेवा."

"सांग न," धोतरवाले म्हणाले. त्यांना आता जेवणापेक्षा यात गोडी वाटत होती.

"तसं काही नाही. बाबूजी मीठ म्हणायचे, आमी हो जी म्हणायचो अन् पळी फिरवायचो."

"अन् मीठ?" नत्थूजींनी विचारलं.

"भाजी त्याच्या आधीच होऊन राहायची न जी. घरवाले सांगून ठेवत, एक बाबूजी येतील, त्यांले दोना द्या अन् हो म्हणा." हेमराजला वाईट वाटलं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "पण तुमी कधी शिव्या नाही दिल्या. काही काही गावचे देतात."

नत्थूजींना पत्रावळीवरून उठता येईना. पाय आखडले होते, आणि शिवाय अर्धा रोडगा उरला होता. ते खाली मान घालून तो मोडू लागले. तेवढ्यात समोर एक वरणाची बादली येऊन थांबली. बादली धरलेल्या हातातल्या हिरव्या बांगड्या त्यांनी ओळखल्या.

"वरण?" केसरबाईंनी विचारलं, जसं त्यांनी आधीच्या सगळ्यांना विचारलं होतं.

"तू इथं काय करून राहिली?"

"वाढून राहिली. शनिवारी येत असते मी, मनकर्णाबाईसंगं. पत्रावळ पुढं घ्या."

त्यांनी पत्रावळ पुढं घेतली. धोतरवाल्यांनी विचारलं, "ओळखीचे का, बाई?"

"आमचेच आहेत," केसरबाई म्हणाल्या. "जेवू द्या त्यांले. तिकडं उपाशी होते." आणि पुढच्या पत्रावळीकडं गेल्या.

घर तिथून तिसऱ्या गल्लीत निघालं. नत्थूजी पिशवी घेऊन मागं चालत होते. केसरबाईंच्या चालण्यात काहीतरी बदल झाला होता. रस्त्यानं त्यांना दोन बायांनी हाका मारल्या, एका दुकानदारानं तूर डाळ आल्याचं सांगितलं. सौंसरात इतकी वर्षं त्या नत्थूजींच्या घरच्या होत्या. इथं त्यांना लोक नावानं ओळखत होते.

घरी अमितानं पाणी दिलं. "मामाजी, तुमी येणार म्हणून सांगतलं असतं तर हे स्टँडवर आले असते."

"मी गाव पाहत पाहत आलो," नत्थूजी म्हणाले.

अमिता आत गेल्यावर त्यांनी आवाज खाली घेतला. "तू भांडून आली का?"

"नाही," केसरबाई म्हणाल्या. "पोरीचा हात बरा झाला, तेव्हा निघणारच होती. पिशवी भरली होती. त्या दिवशी भाजी केली, सगळे जेवले अन् उठले. कोणी काही बोललं नाही. मले लय बरं वाटलं. म्हटलं, अजून दोन दिवस राहू."

"बोलले नाहीत म्हणजे आवडली नसेल."

"पातेलं घासायचं काम पडलं नाही."

नत्थूजींनी पिशवी उघडली आणि दोन दिवसांचे कपडे काढून खुंटीला लावले. 

ते पांढुर्ण्यात राहिले. आधी दोन दिवस, मग पंधरवडा. केसरबाईंनी एकच अट घातली होती, ताटावर बसल्यावर बोलायचं नाही. आणि नत्थूजी ती पाळत. कधी कधी घास घेतल्यावर काहीतरी कमी आहे हे सांगायला त्यांचा डावा हात आपोआप वर उठायचा, तेव्हा वैभव त्या हातात पाण्याचा पेला द्यायचा. सकाळी ते नवनव्या गल्लीत फिरायला जात. गुजरीत वांगी हाताळून पाहत. ती बियाळ नव्हती, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ते बोलून दाखवलं.

संत्र्याच्या तोडणीला सौंसरला परतावं लागलं. केसरबाई बरोबर आल्या, पण महिन्यातले पंधरा दिवस पांढुर्ण्याला, असं ठरवून. त्या पंधरा दिवसांत नत्थूजी खिचडी करतात. ती कशी होते ते कोणाला माहीत नाही, कारण ते कोणाला बोलावत नाहीत. मांडवामागच्या दोन्याचं बोलावणं त्या वर्षी आलं नाही. भंडाऱ्याची बातमी त्यांच्या बसच्या आधी सौंसरला पोचली होती.

पण माणूस एकदम कसा बदलेल? नत्थूजींना आता नवं काम मिळालं आहे. सौंसरची माणसं जमिनीच्या तारखेला, दाखल्याला पांढुर्ण्याला जातात, आणि नत्थूजी त्यांना पानठेल्यावर गाठून सांगतात की तिथं कुठं खायचं. स्टेशनकडं बाईचा ठेला, तिथं काही सुचवायचं नाही, नुसतं खायचं. बर्फी त्या नव्या पोराकडं. शनिवार असेल तर हातपंपापासून डावीकडं. ते अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पांढुर्णा यांनीच शोधून काढलं.

मागच्या आठवड्यात विजय पटवाऱ्यांच्या घरचे दोघं जाऊन आले आणि म्हणाले, ठेला काही सापडला नाही, मग आमी स्टँडवरच समोसा खाल्ला. नत्थूजींना ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोघांची पुन्हा तारीख होती. बस सुटायच्या आधीच ते इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या सीटवर जाऊन बसले, आणि त्या दोघांना सांगितलं, मागं बसा, पण घरून काही खाऊन आले असाल तर उतरा.